मुक्त व्यापाराचा करार आहे, तरी संत्र्यावर शुल्क का?

वरुड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांचा प्रश्न थोडक्यात असा: "भारत आणि बांगलादेश दोघेही साफ्टा करारात आहेत. मग आमच्या संत्र्यावर किलोमागे 88 टका शुल्क कसं लागलं? करार नुसता कागदावर आहे का? आणि शेजारी असूनही दक्षिण आशियातले देश एकमेकांशी इतका कमी व्यापार का करतात?"

मी गेली पंचवीस वर्षं आयात-निर्यातीची कागदपत्रं करतो. पेट्रापोल (बांगलादेश सीमेवरचा नाका), रक्सौल (नेपाळ सीमेवरचा नाका) आणि न्हावाशेवा (उरणजवळचं बंदर) या तीन ठिकाणी माझ्या कामाचा बहुतेक वेळ गेला आहे. उत्तर जरा लांबेल, कारण तुमच्या संत्र्याचा प्रश्न आणि साऱ्या दक्षिण आशियाचा प्रश्न एकाच जागी अडकलेले आहेत.

करार खरा आहे आणि चालूही आहे. साफ्टावर, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारावर, 6 जानेवारी 2004 रोजी इस्लामाबादेत सह्या झाल्या आणि 1 जानेवारी 2006 पासून तो लागू झाला. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ, भूतान आणि मालदीव हे मूळचे सात देश, अफगाणिस्तान नंतर आला. एकमेकांच्या मालावरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्य ते 5 टक्क्यांवर आणायचं, असं ठरलं. अडचण अशी की सीमेवर जे करपत्रक बनतं त्यात पाच-सहा ओळी असतात आणि करार त्यातल्या फक्त पहिल्या ओळीबद्दल बोलतो.

तुमच्याच मालाचा हिशेब मांडून दाखवतो. बेनापोलला, म्हणजे पेट्रापोलसमोरच्या बांगलादेशी नाक्यावर, संत्र्याची किंमत 100 टका धरली असं समजा. मे 2022 मध्ये बांगलादेशाने फळांवर 20 टक्के नियामक शुल्क लावलं, त्यानंतरचे दर घेऊ. मूळ आयातशुल्क 25, नियामक शुल्क 20, झाले 145. या 145 वर 20 टक्के पूरक शुल्क म्हणजे 29, झाले 174. या 174 वर 15 टक्के व्हॅट, म्हणजे 26.10, आणि 5 टक्के आगाऊ कर, म्हणजे 8.70. वर मूळ 100 वर 5 टक्के आगाऊ आयकर. सगळे कर मिळून होतात 113.80. म्हणजे शंभर टक्यांच्या फळावर एकशे चौदा टका कर. जानेवारी 2025 मध्ये पूरक शुल्क 30 टक्के केलं तेव्हा, आगाऊ आयकर 10 टक्के धरून, ही बेरीज 136.20 वर गेली. पुढे त्यात काही सूट मिळाली.

आता हाच हिशेब उलटा करून बघा. उद्या बांगलादेशाने साफ्टाखाली संत्र्यावरचं मूळ आयातशुल्क पूर्ण माफ केलं, अगदी शून्य केलं, असं धरा. नियामक शुल्कासह 120. त्यावर पूरक शुल्क 24, झाले 144. व्हॅट 21.60, आगाऊ कर 7.20, आगाऊ आयकर 5. एकूण 77.80. करार शंभर टक्के पाळला गेला तरी पाऊणपट कर उरतोच. हे गणित मी बागायतदारांच्या बैठकीत फळ्यावर मांडतो तेव्हा सगळे गप्प होतात. लोकांना वाटत असतं की समोरचा देश करार मोडतो आहे. तसं काही नाही. करारातच ही जागा मोकळी सोडलेली आहे. अशा वरकड शुल्कांची व्याख्या साफ्टाच्या मसुद्यात आहे, पण शुल्क-कपातीच्या वेळापत्रकात त्यांना बांधलेलं नाही. बांगलादेश नियामक आणि पूरक शुल्क लावतो, श्रीलंका सेस आणि बंदर-विमानतळ लेव्ही लावते. नावं वेगळी, काम एकच.

88 टक्यांचं कोडंही यातून सुटतं. 88 ला 1.138 ने भागलं तर 77 टका येतात. म्हणजे किलोमागे 77 टक्यांच्या आसपास किंमत धरून कर लावला जात होता. इनव्हॉइसवर तुम्ही 35 रुपये लिहा की 40, तिकडचं कस्टम किलोमागे स्वतः ठरवलेल्या किमान किमतीच्या खाली उतरत नाही. त्यामुळे भाव पाडून विकला तरी कर कमी होत नाही, उलट स्वस्त फळाला तो जास्त बोचतो. ही किमान किंमत डॉलरमध्ये असते, आणि 2022 च्या सुरुवातीला 86 टक्यांना मिळणारा डॉलर 2023 च्या अखेरीस 110 च्या घरात गेला. 2019 मध्ये किलोमागे 20 टका असलेलं शुल्क चार वर्षांत 88 वर जाण्यामागे दर, किमान किंमत आणि घसरलेला टका, तिन्ही आहेत. शिवाय डॉलरची टंचाई आल्यावर फळांसाठी एलसी (पैसे देण्याची बँकेची हमी) उघडताना बँका पूर्ण रक्कम आधी भरून मागू लागल्या. ढाक्याचा छोटा आयातदार तिथेच गळाला.

हा कर तुमच्यावर डूख धरून लावलेला नाही, हेही सांगायला हवं. चीनच्या, इजिप्तच्या, दक्षिण आफ्रिकेच्या फळालाही तो लागतो. बांगलादेश सरकारच्या तिजोरीचा मोठा भाग आयातीच्या टप्प्यावर गोळा होणाऱ्या करांतून येतो आणि फळ ही त्यांच्या लेखी चैनीची वस्तू आहे. वरुड-मोर्शीच्या बागायतदाराचं मात्र त्यात कंबरडं मोडतं. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये एकदम येतो, आणि बारीक फळ घेणारं मोठं गिऱ्हाईक बांगलादेशच होतं. ते हटलं की माल नागपूर-दिल्लीच्या मंडईत कोसळतो. 2023 मध्ये राज्य सरकारने शुल्काच्या निम्म्याइतकी मदत जाहीर केली. हेतू चांगला होता, पण अशा मदतीने आपल्या करदात्याचा पैसा शेजारच्या तिजोरीत भरला जातो आणि शुल्क जागचं हलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे संवेदनशील यादी. प्रत्येक देशाने आपल्याला नको त्या वस्तू करारातून बाहेर काढून ठेवल्या. बांगलादेशाच्या यादीत 990 च्या आसपास वस्तू आहेत आणि ताजी फळं सवलतीत नाहीत, म्हणून मूळ 25 टक्केही पूर्ण लागतात. दर काही वर्षांनी या याद्या आखडत न्यायच्या असं ठरलं होतं. पण सार्कची, म्हणजे ज्या संघटनेखाली हा करार झाला तिची, शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर 2014 मध्ये काठमांडूला झाली, 2016 ची इस्लामाबादची परिषद रद्द झाली, आणि त्यानंतर ते टेबलच मांडलं गेलेलं नाही. जिथे बसून यादी कमी करायची ती जागाच उरली नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. दक्षिण आशियाच्या एकूण व्यापारात आपापसांतला वाटा 5 टक्क्यांच्या आसपास आहे. आसियानमध्ये, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटात, तो 20 टक्क्यांच्या वर आहे, युरोपीय संघात 60 च्या घरात. हे पूर्वीपासून असंच नव्हतं. फाळणीनंतर लगेच 1948-49 मध्ये पाकिस्तानच्या निर्यातीचा निम्म्याहून जास्त माल भारतात येत होता, कारण ताग पूर्व बंगालात पिकायचा आणि तागाच्या गिरण्या कलकत्त्यात होत्या. सप्टेंबर 1949 मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही, विनिमयाच्या दरावरून तंटा झाला आणि व्यापार थांबला. पुढे पूर्व बंगालाने स्वतःच्या तागाच्या गिरण्या उभारल्या आणि आपण इकडे तागाची लागवड वाढवली. एकाच साखळीचे दोन तुकडे झाले आणि दोन्हीकडे पुन्हा अख्खी साखळी बांधण्याचा खटाटोप सुरू झाला. मला तरी आजच्या 5 टक्क्यांचं मूळ साफ्टाच्या कुठल्याही कलमापेक्षा या घटनेत दिसतं.

आसियानचा वाटा मोठा आहे तो तिथे एकच वस्तू तुकड्या-तुकड्याने तीन-चार देशांत बनते म्हणून. हार्ड डिस्कचा एक भाग मलेशियात, दुसरा थायलंडमध्ये, जुळणी तिसरीकडे. माल चार वेळा सीमा ओलांडतो, आकडा चार वेळा वाढतो. आपल्याकडे अशी खरी साखळी एकच आहे, कापूस ते कपडा. विदर्भ, खानदेश, गुजरातचा कापूस आणि सूत बांगलादेशात जातं आणि तिथे शिवलेला कपडा युरोप-अमेरिकेत. 2011 पासून युरोपने सर्वांत गरीब देशांसाठी नियम सोपा केला. कापड कुठूनही आणा, शिलाई तुमच्याकडे झाली की शुल्कमाफी. तेव्हापासून ही साखळी घट्ट झाली.

आणि या प्रचंड व्यापाराला साफ्टाचं प्रमाणपत्र बहुतांशी लागतच नाही. बांगलादेशात कच्च्या कापसावर कुठल्याही देशातून आला तरी सीमाशुल्क शून्य आहे. सूत निर्यातीच्या कपड्यासाठी बाँडेड, म्हणजे शुल्क न भरता माल ठेवायच्या, गोदामात जातं, त्यामुळे तिथेही शुल्क नाही. म्हणून व्यापाराचे आकडे पाहून "साफ्टा चालतो" किंवा "चालत नाही" असं म्हणणारे दोघंही चुकतात. सर्वांत मोठे प्रवाह कराराच्या बाहेरूनच वाहतात. नेपाळ आणि भूतानशी आपले स्वतंत्र द्विपक्षीय करार आहेत, श्रीलंकेशी 1 मार्च 2000 पासूनचा. सगळ्यांचा रस्ता भारतात येऊन मिळतो, पण त्यांचा एकमेकांशी व्यापार नाममात्र आहे. नकाशा पाहा, भारत सोडला तर या देशांपैकी फारच थोड्यांच्या सीमा एकमेकांना लागतात.

करार जिथे जोमाने वापरला जातो तिथली गोष्ट मात्र डोळे उघडणारी आहे. नेपाळमध्ये पामचं पीक नाही, सोयाबीन थोडंसं. तरी नेपाळमधून भारतात शुद्ध पामतेलाचा आणि सोयातेलाचा पूर येतो. कच्चं तेल दुसऱ्या खंडातून किंवा इंडोनेशिया-मलेशियातून जहाजाने कोलकाता-हल्दियाला उतरतं, भारतातूनच नेपाळला जातं, वीरगंज-विराटनगरच्या कारखान्यांत शुद्ध होतं आणि शून्य शुल्काने परत भारतात येतं. माल आपल्या देशाचा ठरवून घ्यायला साफ्टात गरीब देशांना 30 टक्के मूल्यवर्धन दाखवावं लागतं, आपल्याला 40. भारताने 14 सप्टेंबर 2024 रोजी शुद्ध तेलावरचं एकूण शुल्क 35.75 टक्क्यांवर नेलं. हेतू सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा हा होता. शुल्क जितकं उंच, तितकी नेपाळमार्गे येणाऱ्या तेलाची बचत मोठी, आणि आवक झपाट्याने वाढली. लातूरच्या शेतकऱ्याला हा संबंध कुणी समजावून सांगत नाही. सोयाबीनचा भाव हमीभावाखाली का जातो, याच्या अनेक कारणांतलं एक कारण वीरगंजला आहे. याआधी श्रीलंकेच्या करारात वनस्पती तुपाचं हेच झालं होतं. पामतेल श्रीलंकेत नेऊन वनस्पती बनवायचं आणि भारतात विनाशुल्क आणायचं. शेवटी भारताला कोटा घालावा लागला. व्हिएतनामची मिरी श्रीलंकेची म्हणून येऊ लागली तेव्हा डिसेंबर 2017 मध्ये किलोला 500 रुपये किमान आयात किंमत ठरवावी लागली. सप्टेंबर 2020 पासून आपल्या कस्टमने आयातदारालाच माल मूळचा कुठला याचा पुरावा ठेवायला भाग पाडलं, ते याच अनुभवातून. नियम जाचक वाटतो, पण मी त्याच्या बाजूचा आहे.

पाकिस्तानबद्दल लांबण लावत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये भारताने 200 टक्के शुल्क लावलं, ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापार थांबवला, आणि मे 2025 मध्ये भारताने तिथून येणाऱ्या सर्व मालावर बंदी घातली. तरी माल वाट काढतो. जून 2025 मध्ये न्हावाशेवाला महसूल गुप्तचर संचालनालयाने 39 कंटेनर पकडले, 1,115 टन. दुबईमार्गे आलेला पाकिस्तानी माल, त्यात खारीक होती. सिंधची खारीक आपल्या किराणा बाजारात वर्षानुवर्षं येत होती. मागणी तशीच राहिली, फक्त रस्ता लांब आणि बेकायदा झाला.

आता आपल्या बाजूचं बोलतो, कारण ते टाळून हा प्रश्न कळत नाही. सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020 आणि डिसेंबर 2023, तीन वेळा आपण कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली. गाड्या पेट्रापोलला उभ्या असताना अधिसूचना निघाली. ढाक्यात भाव आकाशाला भिडले. त्यांनी म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानकडून कांदा आणला आणि स्वतःची लागवड वाढवली. लासलगाव-पिंपळगावचं हक्काचं गिऱ्हाईक आपणच दुसऱ्याच्या दारात पाठवलं. तागाच्या मालावर 2017 पासून आपण बांगलादेश आणि नेपाळविरुद्ध अँटी-डम्पिंग शुल्क (पडत्या भावात माल ओतण्याविरुद्धचं) लावलेलं आहे. 2025 मध्ये दोन्ही बाजूंनी टोक गाठलं. बांगलादेशाने एप्रिलमध्ये जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत घेणं बंद केलं. आपण 17 मे रोजी त्यांचे तयार कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरांतूनच येतील असं ठरवलं, आणि जूनमध्ये तागाचा माल फक्त न्हावाशेव्यातून. विचार करा, बेनापोलहून कोलकात्याला काही तासांत पोचणारं तागाचं सूत श्रीलंकेला वळसा घालून उरणला उतरवायचं. यात शुल्क एक टक्काही वाढलेलं नाही. साफ्टाची सवलत जशीच्या तशी आहे.

नाक्यावरच्या वेळेचंही तसंच. भारतीय ट्रक बेनापोलच्या यार्डापलीकडे जात नाही. तिथे माल उतरवून त्यांच्या ट्रकमध्ये भरतात. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांचा मोटार वाहन करार जून 2015 मध्ये झाला, पण भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला आणि गाडी तिथेच अडली. एका हंगामात आमच्या एका गाडीच्या इनव्हॉइसवर 0805 10 हा मालाच्या वर्गीकरणाचा कस्टम कोड गेला आणि बिल ऑफ एक्स्पोर्टवर (आपल्या कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदावर) 0805 21. पहिला कोड सालीला चिकटलेल्या गोड संत्र्याचा, म्हणजे माल्टा-मोसंबीच्या जातीचा. दुसरा मँडरीनचा, आणि नागपुरी संत्रा मँडरीन आहे. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चार दिवस पेट्रापोलजवळच्या बनगावच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. खालचे क्रेट पाझरायला लागले होते. त्या बागायतदाराचा चेहरा मला अजून आठवतो. शुल्काबद्दल आपण काही करू शकत नव्हतो, पण ते चार दिवस वाचवता आले असते.

मग करायचं काय? सर्वांत उपयोगी उदाहरण भूतानचं आहे. साफ्टातून काही होत नाही हे ओळखून भूतानने 6 डिसेंबर 2020 रोजी बांगलादेशाशी स्वतंत्र प्राधान्य व्यापार करार केला, तो 1 जुलै 2022 पासून लागू आहे, आणि भूतानच्या वस्तूंच्या यादीत संत्री आहेत. म्हणजे बांगलादेश संत्र्यावर सवलत देऊ शकतो. मागणाऱ्याने नेमकं मागावं लागतं आणि बदल्यात काही द्यावं लागतं.

आपल्याकडे द्यायला आहे. 2011 मध्ये भारताने गरीब देशांसाठीची आपली संवेदनशील यादी 480 वरून 25 वर आणली, दारू-तंबाखू सोडून सगळं शून्यावर. त्यानंतर बांगलादेशाची भारतातली निर्यात वाढत वाढत 2018-19 मध्ये पहिल्यांदा एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. ही सवलत "सर्वांत कमी विकसित देश" म्हणून मिळते. त्या यादीतून बांगलादेशाने बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी 24 नोव्हेंबर 2026 ही तारीख ठरवली होती. यादीतून बाहेर पडल्यावर ती सवलत टिकवायची तर त्यांना भारताशी वेगळं बोलावं लागेल. दोन देशांतल्या व्यापक आर्थिक भागीदारी कराराची चर्चा 2022 पासून अधूनमधून होते आहे. राजकारण निवळलं की ती पुन्हा उघडेल, आणि तेव्हा तुमचा अर्ज टेबलावर हवा.

अर्जात "आयातशुल्क कमी करा" एवढंच लिहू नका. वरचा हिशेब जोडा आणि तीन मागण्या स्पष्ट लिहा. 0805 21 वरचं मूळ शुल्क, नियामक शुल्क आणि पूरक शुल्क तिन्ही एकत्र माफ व्हावीत. निदान आंबिया बहाराच्या तीन महिन्यांपुरता ठरावीक टनांचा कोटा मिळावा, कारण त्यांच्या उत्पादकाला पूर्ण मोकळीक टोचेल, हंगामी कोटा कमी टोचेल. आणि किमान किंमत फळाच्या आकारानुसार वेगळी धरावी. केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाकडे आणि अपेडाकडे (शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेकडे) हे लेखी जाऊ द्या, एकट्या कंपनीचं नको, वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या सगळ्या कंपन्यांचं मिळून.

तोवर या हंगामासाठी एवढं सांभाळा: कोड 0805 21, तोच इनव्हॉइसवर, फायटो (रोग-कीड नसल्याच्या) प्रमाणपत्रावर आणि बिल ऑफ एक्स्पोर्टवर. गाडी वरुडहून सुटण्याआधी बेनापोलच्या सी अँड एफ एजंटला (कस्टममधून माल सोडवणाऱ्याला) सगळ्या प्रती पाठवा आणि त्या दिवशी कोणती किमान किंमत धरली जाते आहे ते फोनवर विचारून मगच भाव ठरवा. एलसी उघडल्याची खात्री झाल्याशिवाय माल तोडू नका. झाडावरचं फळ आठ दिवस थांबतं, बनगावच्या पार्किंगमधलं थांबत नाही.